चढणीची वाट

माशाला धरण चढता येत नाही, हे कुणालाही लगेच पटतं. माशाला रस्त्याखालची हातभर उंचीची मोरीही चढता येत नाही, आणि एखाद्या व्हाळातल्या माशांची जात संपवायला तेवढी मोरी पुरते, हे पटवायला मात्र एक अख्खं प्रकरण खर्ची घालावं लागतं. त्यासाठी फोंडाघाटइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. कणकवली तालुक्यातलं हे सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता इथे घाटाला लागतो आणि माथ्यावर दाजीपूरच्या जंगलात शिरतो. माथ्यावर पडलेल्या पावसाची वाटणी दोन समुद्रांत होते. पलीकडचं पाणी भोगावती, पंचगंगा, कृष्णा असा सगळा मुलूख ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं. अलीकडचं पाणी व्हाळांनी धडधडत खाली येतं आणि अरबी समुद्र गाठतं. पश्चिमेकडच्या या नद्या आखूड, उताराच्या आणि उतावळ्या. पावसाळ्यात त्यांना आवरत नाही, आणि मार्च उजाडला की त्यांच्या जागी उरतात फक्त दगड, वाळू आणि मधूनमधून साचलेले कोंड. व्हाळातला मासा उन्हाळा काढतो तो याच कोंडांमध्ये, दाटीवाटीने, दिवसेंदिवस आटत जाणाऱ्या पाण्यात. मग मृगाचा जोराचा पाऊस होतो, व्हाळ गढूळ होऊन जोमाने भरतो, आणि त्या पाण्याच्या तोंडावर मासे वर निघतात. सिंधुदुर्गात यांना चढणीचे मासे म्हणतात. उत्तरेला रायगड-ठाण्याकडे हेच वलगणीचे मासे. नाव कुठलंही असो, त्या एक-दोन रात्री गावात कुणी लवकर झोपत नाही.

मासे चढतात ते अंडी घालायला. गाबोळीने पोट फुगलेली मादी प्रवाहाविरुद्ध निघते, व्हाळातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून शेताच्या बांधाला फुटलेल्या तोंडातून थेट भाताच्या खाचरात. मोठ्या प्रवाहात अंडी टाकली तर ती वाहून जातील, नाहीतर गढूळ पाण्यातल्या गाळाखाली गुदमरतील. खाचरातलं पाणी वीतभर खोल, उबदार आणि संथ असतं. पहिल्या पावसाने कुजलेल्या पाल्याचा आणि शेणखताचा रस त्यात उतरलेला असतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची तिथे रेलचेल असते. लहान कार्प जातीच्या माशांची अंडी अशा उबेत एक-दोन दिवसांत फुटतात आणि पिल्लांना पहिला घास तोंडाशीच मिळतो. थोडक्यात, ज्याला आपण भाताचं शेत म्हणतो ते माशांच्या हिशोबाने बाळंतिणीची खोली असते. सगळे मासे सारखे नाहीत, हे खरं. मरळ आपल्या पिल्लांच्या घोळक्यावर पहारा देते. दगडाला चिकटून राहणारा, तोंडाखाली चकतीसारखा चोषक असलेला गारा ओल्या कातळावरून सरपटत चढू शकतो. खवलेवाल्या बारीक माशांना मात्र ते जमत नाही, त्यांना अखंड वाहतं पाणी हवं. आणि गोड्या पाण्यातला अहीर तर सगळ्यांच्या उलटा. तो पोसला जातो व्हाळात आणि अंडी घालायला जातो समुद्रात. एकाच वाटेने कुणी वर जातो, कुणी खाली.

हीच चढण थंड पाण्यात कशी दिसते ते बघायला आता फोंडाघाटहून हजारो किलोमीटरवर, स्कॉटलंडच्या पश्चिमेला आणि उत्तरेला विखुरलेल्या बेटांकडे वळू. साउथ युइस्ट, हॅरिस, ऑर्कनी, शेटलंड ही बेटं म्हणजे वारा, पीटची काळी दलदल आणि शेकडो तळी. गेलिक भाषेत तळ्याला लॉख म्हणतात. या लॉखांत तपकिरी ट्राउट हा मूळचा रहिवासी आहे, आणि त्याला पकडण्याची तिथली रीत म्हणजे माशी टाकणं. माशी म्हणजे बारीक हुकावर पिसं, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेला किड्याचा आभास. लांब लवचीक काठी, जड दोरी, तिच्या टोकाला तंगुसासारखा बारीक धागा आणि त्यावर अंतराअंतराने अशा दोन-तीन माश्या. होडी वाऱ्याला आडवी सोडून द्यायची, ती आपसूक सरकत राहते, आणि पुढच्या लाटांवर माश्या टाकत राहायच्या. आपल्याकडचा गरवणारा चिवारीच्या काठीला तंगूस बांधून हुकावर काडू, म्हणजे गांडूळ, लावतो आणि कोंडाच्या काठी बसून राहतो. काडू खरा आणि माशी खोटी, एवढाच काय तो फरक. वाट पाहणं दोन्हीकडे सारखंच. साहेबाने या खेळावर ग्रंथ लिहिले आणि गरवणाऱ्याने लिहिले नाहीत, म्हणून एकाला कला म्हणायचं आणि दुसऱ्याला रिकामटेकडेपणा, याला काही अर्थ नाही.

ट्राउट वाढतो लॉखात, पण अंडी तिथे घालत नाही. शरद संपता संपता तो लॉखाला मिळणाऱ्या ओढ्यांत चढतो. मादी शेपटीने बारीक खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी टाकते आणि वरून पुन्हा खडी ओढते. थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी त्या खडीतून झिरपत राहायला हवं, कारण अंडं फुटायला हिवाळ्याचे दोन-तीन महिने लागतात. म्हणून स्कॉटलंडचा कायदा ७ ऑक्टोबरपासून १४ मार्चपर्यंत तपकिरी ट्राउट पकडू देत नाही. आपला मासा उन्हाळ्याच्या शेवटी उबेकडे धावतो आणि त्यांचा मासा उन्हाळा सरल्यावर गारठ्याकडे. ऋतू उलटा, पण चढण तीच. खरी नवलाची गोष्ट तर पुढेच आहे. एखाद्या लॉखात किती ट्राउट असतील हे लॉख किती मोठं आहे यावर तितकंसं ठरत नाही. त्याला मिळणारे ओढे कसे आहेत यावर ठरतं. चांगल्या खडीचे भरपूर ओढे असलेल्या डोंगराळ लॉखात मासे पुष्कळ, पण तळहाताएवढेच, कारण तोंडं फार आणि खाणं थोडं. ओढा एखादाच आणि तोही रडतखडत वाहणारा असेल तर लॉखात मासे मोजके, पण चांगले थोराड. साउथ युइस्टच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या लॉखांना शंखशिंपल्यांच्या वाळूतला चुना मिळतो, तिथला मासा चटकन भरतो. पूर्वेच्या पीटच्या आंबट पाण्यातला काळसर आणि किरकोळ राहतो. म्हणजे तळं माशाचं वजन ठरवतं, आणि ओढा माशांची संख्या.

याहून ठळक पुरावा आयर्लंडमधल्या मेल्विन तळ्याचा आहे. त्या एकाच तळ्यात ट्राउटचे तीन वेगळे वंश नांदतात. गिलारू तळाशी गोगलगायी खातो, सोनाहन उघड्या पाण्यातल्या बारीक जिवांवर जगतो, आणि फेरॉक्स मोठा होऊन दुसरे मासेच गिळतो. रंग वेगळे, बांधा वेगळा, आणि आनुवंशिक तपासणीतही ते वेगळे निघाले. वर्षभर एकाच पाण्यात राहूनही ते एकमेकांत मिसळले नाहीत, कारण प्रत्येक वंश अंडी घालायला आपापल्या ठरलेल्या प्रवाहात जातो; गिलारू तर तळ्यातून बाहेर पडणाऱ्या नदीत उतरतो. हजारो वर्षं ही कुळं वेगळी राखली ती तळ्याने नाही, ओढ्यांनी राखली. त्यातला एक ओढा बुजवला तर तळं तसंच चमकत राहील आणि त्यातलं एक कुळ गुपचूप संपेल. काठावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्याकडे बघून ते कळणारही नाही.

इथे नेहमीचा तोडगा पुढे येतो: मासे कमी झाले तर आणून सोडा. विलायतेने हा प्रयोग जगभर केला. तपकिरी ट्राउटची अंडी बर्फात घालून १८६४ मध्ये टास्मानियाला पोचवली गेली, तिथून तीनच वर्षांत मासा न्यूझीलंडला गेला. १९०० मध्ये तो काश्मीरला आला आणि तिथल्या थंड नद्यांत रुळला. सह्याद्रीत तो कधी टिकणार नव्हता. पाणी विशी ओलांडून गरम झालं की ट्राउटची भूक मरते आणि पंचविशीच्या आसपास तो स्वतः. मेमधल्या कोंडातलं पाणी त्याला कसं मानवणार? पण आणून सोडण्याची हौस आपल्याकडेही आलीच, आणि तिचं सर्वांत बोलकं उदाहरण मराठी माशाचंच आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणारा लष्करी अधिकारी विल्यम सायक्स याने १८३९ मध्ये इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली आणि मराठी नावं जशीच्या तशी लॅटिन साच्यात बसवली. खुद्री, कोळूस, पोटाईल, नुकटा, फुलंगी ही नावं आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. यातला खुद्री म्हणजे पुण्याच्या मुळा-मुठेवरून वर्णन झालेला निळ्या पराचा महाशीर. धरणं आणि शिकार यांनी तो कमी झाला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने त्याची अंडी कृत्रिम रीतीने उबवण्याचं केंद्र उभं केलं. काम खरोखर मोठं होतं. लाखो पिल्लं तयार झाली, देशभर वाटली गेली, आणि आज खुद्रीवरचं संकट टळल्याचं धोक्यातल्या जातींची आंतरराष्ट्रीय यादी सांगते.

पण ही पिल्लं १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कावेरीतही सोडली गेली. कावेरीत कुबडासारखी पाठ असलेला, नारिंगी पराचा एक महाशीर मूळचा होता, वजनाने मणाच्या पुढे जाणारा. १९४६ मध्ये काबिनी नदीवर गळाला लागलेल्या १२० पौंडांच्या महाशीराची अजूनही विक्रम म्हणून आठवण काढतात. पुढे गळाने मासे धरून सोडणाऱ्या शौकिनांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा चित्र उलगडलं: एकूण महाशीर वाढत होते, पण वाढत होता तो बाहेरून आलेला निळ्या पराचा, आणि नारिंगी पराचा नाहीसा होत चालला होता. २०१८ मध्ये त्या स्थानिक माशाला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आलं. नोंदवहीतला एकूण आकडा बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटलं असतं. पुण्याचा मासा कावेरीला नेऊन सोडणं म्हणजे परोपकार वाटतो, पण त्या नदीत तो आगंतुकच होता. मासा वाचवला, नदी मात्र वाचली नाही, असा हा प्रकार.

फोंडाघाटच्या परिसरात हाच युक्तिवाद छोट्या प्रमाणावर ऐकू येतो. कुर्ली-घोणसरीसारखं धरण झालं, त्यात मासे आहेत, बाजारात कटला, रोहू, मृगळ मिळतात. मग मासे कमी झाले असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? धरणातला मासा खोटा नाही आणि त्यावर कुणाचं पोट चालत असेल तर ते चांगलंच आहे. पण कटला, रोहू आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. तिलापिया तर आफ्रिकेतून आलेला. कटला-रोहूचं बीज साठवलेल्या पाण्यात दरवर्षी टाकावं लागतं, याचा अर्थच असा की तो मासा तिथे स्वतःहून नांदता राहत नाही. तो वाढवलेला मासा आहे, कोंबड्यांसारखा. व्हाळातली खवली, शिंगटी, गारा ही मंडळी कुणी आणून सोडलेली नाहीत, त्यांची बीज-केंद्रंही नाहीत. त्यांचं केंद्र म्हणजे वरचं खाचर, आणि तिथे पोचायची वाट. कटल्याची आणि खवलीची बेरीज करून एकच आकडा मांडणं म्हणजे कावेरीचीच चूक गावपातळीवर करणं.

मग ती वाट कुठे तुटते? धरणाची भिंत सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर बोललं जातं. मोरीवर कुणी बोलत नाही. रस्त्याखालून व्हाळ काढायला सिमेंटचे गोल पाइप टाकतात. टाकले तेव्हा पाइपचं तोंड व्हाळाच्या तळाशी असतं. दोन-चार पावसाळ्यांत पाइपमधून जोराने सुटणारं पाणी पुढची वाळू आणि गोटे खणून नेतं, आणि पाइपचं तोंड तळापासून वीतभर, मग हातभर वर लटकू लागतं. खाली पाण्याने केलेला खळगा, वर पाइपच्या ओठावरून पडणारी पातळ धार, आत गुळगुळीत सिमेंट आणि त्यावर बोटभर उथळ, वेगाने धावणारं पाणी. त्या खळग्यात चढणीच्या रात्री मासे गोळा होतात, उड्या मारतात, आपटतात. बघणाऱ्याला वाटतं, काय हे मासे! प्रत्यक्षात ती वाट बंद झाल्याची खूण असते. शिवाय एका जागी थबकलेले मासे टोपलीने उचलता येतात, म्हणून नेमकी तीच जागा मासेमारीला सर्वांत आवडती ठरते. स्कॉटलंडमध्येही लटकत्या मोऱ्या हे ट्राउटच्या ओढ्यांचं जुनं दुखणं आहे. तिथे त्यावरचा इलाज बहुतेक वेळा फार साधा निघतो: खालच्या बाजूला मोठे दगड रचून पाण्याची पातळी मोरीच्या ओठापर्यंत उचलायची.

बंधाऱ्यांचंही तसंच. पाणी अडवणं आणि मासा अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याच भागात दोन्हींचे नमुने शेजारी शेजारी सापडतात. घाटापलीकडे ओळखीचा झालेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघा. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरताना बर्गे घालायचे, पाणी अडवायचं आणि पुढचा पावसाळा लागण्याआधी बर्गे काढून घ्यायचे. पुरात बंधारा मोडू नये म्हणून ही युक्ती निघाली, पण नेमका मासा चढायच्या दिवसांत प्रवाह मोकळा राहतो. कोकणात हिवाळ्यात श्रमदानाने सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती-वाळू भरून जे वनराई बंधारे घालतात, ते तर पहिल्या मोठ्या पुरात वाहूनच जातात. दरवर्षी पुन्हा घालावे लागतात म्हणून त्यांना नावं ठेवणारे आहेत. माशाच्या बाजूने बघितलं तर वाहून जाणं हाच त्यांचा गुण. याउलट पक्का सिमेंट बंधारा एकदा घातला की कायमचा, आणि त्याची सरळ भिंत जूनमध्येही तितकीच सरळ असते. त्यात एका बाजूला उताराची दगडी पायरी किंवा एक खाच ठेवली असती, तर पाण्याच्या हिशोबात फारसा फरक पडला नसता. ती ठेवली जात नाही, कारण अंदाजपत्रक करताना माशाचा विचार कुणाच्या कागदावर नसतो.

इथवर आल्यावर एक आक्षेप हमखास निघतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. मोऱ्या-बंधाऱ्यांचं सोडा, लोकच चढणीचे मासे मारतात. गाबोळीसकट मादी मारली तर वंश कसा राहील? हा आक्षेप नवा नाही. याच किनाऱ्यावर खाली, दक्षिण कॅनरा जिल्ह्यात कलेक्टर असलेल्या एच. एस. थॉमसने १८७० च्या अहवालात पावसाळ्यातल्या सापळ्यांवर आणि पिल्लांच्या संहारावर बोट ठेवलं होतं. हाच थॉमस भारतातल्या गळाच्या मासेमारीवरच्या, १८७३ मध्ये निघालेल्या प्रसिद्ध पुस्तकाचा लेखक. फ्रान्सिस डे याने त्याच वर्षी देशभरच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा अहवाल दिला, त्याचाही सूर असाच. या सगळ्याची परिणती १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यात झाली. पाण्यात स्फोटकं किंवा विष घालणं त्या कायद्याने गुन्हा ठरलं. सापळे, बांध, जाळ्यांची आसं यांवर नियम करण्याची आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. थॉमसचं निरीक्षण चूक नव्हतं. पण ते निरीक्षण करणारा स्वतः काठी घेऊन महाशीर मारत होता आणि दोष ज्याच्या पदरी पडला तो टोपली घेऊन संध्याकाळच्या कालवणाची सोय बघत होता, हेही विसरता येत नाही.

म्हणून सरसकट बंदीची भाषा इथे लागू पडत नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, माशांना प्रजननाला उसंत मिळावी म्हणून. व्हाळातला मासा नेमक्या याच दिवसांत चढतो, आणि समुद्र बंद असल्यामुळे ताज्या माशाची तल्लफही याच दिवसांत सर्वांत जास्त. तिरफळं आणि सोलं घातलेलं चढणीच्या माशांचं कालवण हा कोकणच्या पावसाळ्याचा भाग आहे. तो हिरावून घेऊन कुणाचं भलं होणार नाही. गरी, पाग, हाताने किंवा कोयत्याने मारलेला मासा यांत माणसाला मर्यादा आहे: पूर वाढला की त्याला काठावर यावंच लागतं, आणि त्या तासांत मासे पुढे सरकतात. निसर्गाने बांधून दिलेली ही सुट्टीच होती. आता ती मोडते आहे ती व्हाळाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रात्रभर बांधून ठेवलेल्या तंगुसाच्या जाळ्याने, बॅटरीच्या झटक्याने, आणि त्याआधी मेमध्ये कोंडात टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीने. पूर्वीही गेळाची फळं किंवा कुंभ्याची साल ठेचून पाण्यात घालत, मासे गुंगून वर येत. पण सालीचा अंमल थोडा वेळ राहायचा आणि एका कोंडापुरता. पावडरीने कोंडातला शेवटचा खेकडासुद्धा मरतो, आणि मग जूनमध्ये चढायला कुणी उरतच नाही.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलट दिशेने येतो: मासा अंडी घालतो ती हजारांनी, थोडे मारले तर काय बिघडलं? अंड्यांचा आकडा फसवा असतो. ट्राउटची मादी वजनाच्या किलोमागे दीड-दोन हजार अंडी घालते, रोहू लाखांनी. म्हणून रोहू शंभर पटीने वाढत नाही. ज्याची अंडी जास्त त्याची पिल्लं जास्त मरतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि हजार अंडी असोत की लाख, ती घालायची जागाच गाठता आली नाही तर आकड्याला काही किंमत उरत नाही. शंभर मासे चढले आणि वाटेत साठ मारले, तर चाळीसांनी खाचर गाठलं. शंभरही मोरीखाली अडले, तर एकही मासा न मारता वंश बुडाला. यासाठी मारणारा आणि अडवणारा यांना एका पारड्यात घालू नये. दोष दोघांचाही, पण अडवणाऱ्याचा कायमचा.

आपल्या समाजाने मासे राखले नाहीत असंही नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे इथे देवाच्या नावाने महाशीर राखलेले आहेत. लोक त्यांना खायला घालतात, मारत नाहीत. खुद्द सिंधुदुर्गात आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात बोटभर लांबीचा एक मासा सापडला, २०२० मध्ये शास्त्राला नवा म्हणून त्याचं वर्णन झालं आणि त्याला देवळाचंच नाव मिळालं: शिस्टुरा हिरण्यकेशी. दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. ही राखण मोलाची आहे, आणि ती कायद्याच्या बडग्यापेक्षा जुनी आहे. पण देवाचा कोंड म्हणजे उन्हाळ्याचा आसरा. तो मे महिना सांभाळतो, जूनची वाट सांभाळत नाही. ऑर्कनीत जुन्या नॉर्स वहिवाटीने बहुतेक लॉख सगळ्यांना खुली मानली जातात, मासे धरायला परवाना लागत नाही. तरी ट्राउट टिकून आहे, कारण ओढे शाबूत आहेत आणि ओढ्यांत मासा चढलेला असताना कुणी त्याच्या मागे जात नाही. काठावर कितीही माणसं असोत, ओढा मोकळा असला पाहिजे, इतकी ती व्यवस्था साधी आहे.

फोंडाघाटच्या व्हाळांना ही व्यवस्था लागू करायची तर फार मोठी योजना लागत नाही. मोऱ्या मोजून लटकत्या मोऱ्यांखाली दगड रचणं हे एका वाडीच्या दोन दिवसांच्या श्रमदानाचं काम आहे, वनराई बंधाऱ्याइतकंच. जाळं काठापासून काठापर्यंत न लावता निम्मा व्हाळ मोकळा ठेवणं हा ग्रामसभेचा ठराव होऊ शकतो. खाचराच्या बांधाचं तोंड कुठे फोडायचं हे शेतकरी दरवर्षी ठरवतोच. आणि जुन्या पद्धतीच्या मासेमारीत याचं एक सूत्र आधीपासून आहे. बांबूच्या कामट्यांचं, निमुळतं होत जाणारं खोईन दगड-पाल्याच्या बांधातल्या फटीत बसवतात. आत वळलेल्या टोकदार कामट्यांमुळे मासा आत शिरतो पण परत फिरू शकत नाही. चढणीला त्याचं तोंड खालच्या बाजूला, प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या माशाकडे. भाद्रपद सरत आला, शेतातलं पाणी उतरू लागलं, की मोठे झालेले मासे आणि त्यांची बोटभर पिल्लं खाचरातून व्हाळाकडे परत निघतात, आणि तेव्हा खोईन उलटं बसवतात, तोंड वरच्या बाजूला. कामट्यांमधल्या फटी रुंद ठेवल्या तर पिल्लं त्यातून निसटून कोंडाकडे जातात. फटी बारीक ठेवल्या, किंवा आत मच्छरदाणीचा तुकडा लावला, तर पुढच्या वर्षीची चढण त्या दिवशी टोपलीत येते. खोईन विणताना दोन कामट्यांमध्ये किती अंतर ठेवायचं, ते विणणारा बोट घालून बघतो.